वाईट वाटतं आधी, कारण सुचतं नंतर

पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो, गणपतीची धामधूम उरकते आणि मग सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पानावर दरवर्षीची बातमी हजर होते. एलईडीचे दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी पकडल्या. पारंपरिक मच्छीमार संतापले. पर्ससीनवाले, म्हणजे मोठं जाळं टाकून मासळीचा आख्खा थवा वेढणारे, म्हणतात, आमच्याही डोक्यावर बँकेचे हप्ते आहेत. बातमी वाचणारा प्रत्येक जण दोन ओळींत निकाल देऊन मोकळा होतो. "जरा विचार करून सांगतो" असं म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आता दुसरं चित्र पाहू. समजा, हर्णैला वाळूवर संध्याकाळचा लिलाव चालू आहे. एक पोरगा टोपलीतली एक सुरमई हळूच पिशवीत सरकवतो. कोणाचं तरी लक्ष जातं आणि दहा माणसं त्याच्या अंगावर धावतात. पाच पावलांवर एका क्रेटमध्ये पापलेटची पिल्लं ओतलेली आहेत, बोटभर लांबीची, आयुष्यात एकदाही अंडी न घातलेली. पापलेट २०२३ पासून राज्याचा मासा आहे, आणि त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांचे किमान आकारही ठरवून दिलेत. तरी त्या क्रेटपाशी कोणाचा आवाज चढत नाही. भाव काय, एवढंच विचारलं जातं.

हिशेब मांडला तर एका सुरमईच्या चोरीपेक्षा त्या क्रेटने किनाऱ्याचं नुकसान कितीतरी जास्त केलं आहे. तरी रक्त उसळतं ते पोरावर. हे असं का होतं, यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मेंदूचे अभ्यासक यांनी बरंच डोकं खपवलं आहे.

## हाताला आधी कळतं

बाजारात मुरलेली बाई बांगडा कसा घेते ते आठवा. विकणारी सांगत असते, "वयनी, आत्ताच इलेत होडयेतसून." ही एक मासा उचलते, कल्ल्याखाली बोट घालते, अंगठ्याने पोट दाबते आणि परत टोपलीत ठेवते. "शिळे आसत गो." सगळा व्यवहार दोन सेकंदांचा. सोबतच्या भाचीने विचारलं की कारणं येतात: कल्ले काळपटलेत, डोळे आत गेलेत, दाबल्यावर खळगा राहतो. कारणं खरीच असतात, पण मासा खाली ठेवला तेव्हा ती तिच्या मनात एकामागून एक आली नव्हती. निकाल आधी लागला होता.

मेंदू चूक-बरोबर ठरवतो ते बरंचसं असंच. कोणी लेकराच्या कानफटात मारली, कोणी आजीच्या पेन्शनचे पैसे परस्पर उचलले, की "हे वाईट" असं आधी वाटतं आणि "का वाईट" हे मागून सुचतं. मानसशास्त्रात याला नैतिक अंतःप्रेरणा म्हणतात: विचारांच्या पायऱ्या न चढता क्षणात मनात उमटलेला बऱ्या-वाईटाचा निवाडा. शब्द जड आहे, म्हणून पुढे मी त्याला 'पहिला कौल' म्हणेन. देवळात गाऱ्हाणं घालून कौल मागावा लागतो. हा न मागता मिळतो.

मेंदूत काय घडतं ते थोडक्यात असं. मेंदू प्रत्येक अनुभवाला बरं-वाईट असं वजन लावून साठवत असतो. कानशिलांच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, तो इजा, भीती, रडणारा चेहरा यांना चटकन प्रतिसाद देतो. मेंदूच्या घडीत लपलेला दुसरा एक भाग शरीराच्या आतली खबर ठेवतो: छाती धडधडते आहे, पोटात ढवळतं आहे. आणि कपाळामागे, दोन भुवयांच्या मधल्या बाजूला जो भाग आहे तो ही सगळी वजनं एकत्र करून एकच भावना पुढे करतो. याला मी 'कपाळामागचा भाग' म्हणेन. त्याचं खरं नाव लांबलचक आहे आणि इथे त्याने काही अडत नाही. आपल्यापर्यंत पोचते ती शेवटची भावना, आतली बेरीज दिसत नाही.

बांगडा घेणाऱ्या बाईच्या या उदाहरणातल्या दोन गोष्टी पुढे उपयोगी पडतील. तिचा हात सरावाने तयार झाला आहे. मुंबईहून आलेल्या भाचीला ते जमणार नाही. आणि तो हात फसवता येतो. भरपूर बर्फात ठेवलेला मासा तिलाही चकवू शकतो.

## कारणं सापडली नाहीत तर?

जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये दोन ब्राझिलियन सहकाऱ्यांसोबत एक अभ्यास केला. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया आणि ब्राझीलमधली दोन शहरं, तिथली सधन आणि गरीब माणसं. त्यांना काही विचित्र गोष्टी सांगितल्या. एका कुटुंबाचा पाळलेला कुत्रा दारासमोर गाडीखाली येऊन मेला. घरच्यांनी तो शिजवून खाल्ला, कोणी पाहिलं नाही. एका बाईने जुना राष्ट्रध्वज कापून संडास पुसायला फडकी केली, तेही कोणी पाहिलं नाही. मग विचारलं: हे चूक आहे का? यात कोणाचं नुकसान झालं का?

बऱ्याच जणांनी, विशेषतः गरीब वस्त्यांतल्या लोकांनी, ठामपणे चूक म्हटलं. का, असं खोदून विचारल्यावर नुकसान झालेला माणूस शोधायची धडपड सुरू झाली: ते आजारी पडतील, त्यांना नंतर पश्चात्ताप होईल. नंतरच्या मुलाखतींत असंही दिसलं की विचारणाऱ्याने एकेक कारण खोडून काढलं तरी माणसं निकाल बदलत नाहीत. हसतात, डोकं खाजवतात आणि म्हणतात, "सांगता येत नाही, पण हे चूकच आहे." हाइट यांनी २००१ मध्ये यावरून सिद्धान्त मांडला की आपला नैतिक विचार बहुतेक वेळा निकालाच्या मागून चालतो आणि त्याचं समर्थन गोळा करतो.

हे सगळ्यांना पटलेलं नाही, आणि आक्षेप चांगला आहे. एडवर्ड रॉयझमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की "यात कोणालाही अपाय झाला नाही" ही गोष्टीतली हमी ऐकणाऱ्यांना मनातून पटलेलीच नसते. म्हणजे त्यांच्याकडे कारण नव्हतं असं नाही. त्यांचं कारण सांगणाऱ्याने नियमाबाहेर काढलं होतं. बाजारातल्या बाईला विकणारीने कितीही शपथा घेतल्या तरी तिचा हात कल्ल्यावर विश्वास ठेवतो, तसंच हे. मला रॉयझमन यांचं म्हणणं बरंच पटतं. पहिला कौल अडाणी नसतो. अनुभव पाठीशी असतात, ते सांगायला शब्द नसतात इतकंच.

## खटका ओढाल, धक्का द्याल?

फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ मध्ये एक कोडं मांडलं. पुढे लोकांनी ते वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. आज सर्वात परिचित रूप असं. ट्रामचे ब्रेक गेलेत, पुढे रुळावर पाच कामगार आहेत. तुम्ही खटका ओढला तर ट्राम बाजूच्या रुळावर जाईल, तिथे एकच माणूस आहे. ओढाल? बहुतेक लोक हो म्हणतात. १९७६ मध्ये ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी पुलाची जोड दिली. आता तुम्ही रुळावरच्या पुलावर उभे आहात, शेजारी एक धिप्पाड माणूस आहे. त्याला ढकललं तर त्याच्या अंगाने ट्राम थांबेल, पाच वाचतील. ढकलाल? आता बहुतेक लोक नाही म्हणतात.

आकडा तोच, एकाच्या बदल्यात पाच. तरी दुसऱ्या वेळी पोटात गोळा येतो.

२००१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी अशी कोडी सोडवणाऱ्या माणसांचे मेंदू एमआरआय यंत्रात पाहिले. ढकलण्यासारख्या, अंगाला अंग लागणाऱ्या प्रसंगांत भावनेशी आणि इतरांचा विचार करण्याशी निगडित भाग जास्त कामाला लागले. खटक्यासारख्या प्रसंगांत आकडेमोड आणि लक्षात ठेवणं यांचे भाग पुढे आले. नंतर, २००९ मध्ये, ग्रीन यांच्याच गटाने आणखी बारीक फरक दाखवला: माणसाला हाताने ढकललं काय आणि काठीने ढकललं काय, लोकांना सारखंच वाईट वाटतं, पण खटका दाबून त्याच्या पायाखालची झडप उघडली, तर तेवढं वाईट वाटत नाही. आपल्या स्नायूंचा जोर समोरच्याला लागला की कौल कडक होतो. मध्ये यंत्र आलं की सैल पडतो. बोटीवर बटण दाबून दिवे पेटवणाऱ्याला अपराधी का वाटत नसावं, याचा एक धागा इथे आहे.

सर्वात वजनदार पुरावा २००७ चा. कपाळामागचा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेले सहा रुग्ण तपासले गेले. त्यांची बुद्धी शाबूत होती, समाजाचे नियमही त्यांना पाठ होते. पण पाचांसाठी एकाला स्वतःच्या हाताने मारायच्या कोड्यात ते इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा हो म्हणाले. खटक्यासारख्या कोड्यांत मात्र ते चारचौघांसारखेच होते. म्हणजे धडधाकट माणसाच्या त्या "नाही"त भावनेचा वाटा असतो. तो काढून घेतला की हिशेब उरतो. यावरून ते "नाही" चुकीचं ठरतं, असं काही लोक सुचवतात. मला ती उडी मान्य नाही. शेजारच्याला पुलावरून ढकलायला कचरणारी माणसं गावात असलेली बरी.

## मुद्दाम केलंस का?

मुंबई-गोवा महामार्गावर रात्री दोघे जण दारू पिऊन गाडी चालवतात. दोघांनी तेवढीच घेतली आहे. एक घरी पोचून झोपतो. दुसऱ्यासमोर वळणावर सायकलवाला येतो आणि जीवानिशी जातो. पहिल्याला आपण बेजबाबदार म्हणतो, दुसऱ्याला फासावर द्या म्हणतो. दोघांच्या वागण्यात फरक शून्य, फरक नशिबाचा.

फायरी कुशमन या संशोधकाने २००८ मध्ये दाखवलं की इथे मेंदू दोन प्रश्न सोडवत असतो. "हे वागणं चूक का?" याचं उत्तर तो मुख्यतः हेतूवरून देतो. "याला शिक्षा किती?" याचं उत्तर देताना परिणामालाही मोठं वजन देतो. आपण दोन्ही उत्तरं एकाच संतापात बोलून टाकतो, म्हणून गोंधळ होतो.

हेतू ओळखणारा भाग उजव्या कानाच्या जरा वर आणि मागे आहे. समोरच्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणं हे त्याचं एक काम. २०१० मध्ये लियान यंग, रेबेका सॅक्स आणि सहकाऱ्यांनी बाहेरून चुंबकीय झटके देऊन हा भाग थोडा वेळ विस्कळीत केला आणि काही गोष्टी सांगितल्या. साधारण अशी: एक बाई मैत्रिणीच्या कॉफीत पांढरी पूड घालते. ती विष समजून घालते, पण निघते साखर, मैत्रीण ठणठणीत. एरवी आपण तिला खुनशी म्हणू. झटके दिलेले लोक तिला जरा सौम्य धरू लागले. काही झालं नाही ना, मग ठीक. लहान मुलं बऱ्याचदा असाच न्याय करतात: चुकून पाच कप फोडणारा मुद्दाम एक फोडणाऱ्यापेक्षा वाईट.

हेतू ओळखण्यातही एक गंमत आहे. जोशुआ नोब यांनी २००३ मध्ये लोकांना एका कंपनीच्या अध्यक्षाची गोष्ट सांगितली. हाताखालचा माणूस म्हणतो, या योजनेने नफा होईल पण पर्यावरणाचं नुकसान होईल. अध्यक्ष म्हणतो, पर्यावरणाचं मला काही पडलेलं नाही, नफा हवा, करा सुरू. नुकसान होतं. त्याने मुद्दाम केलं का? ८२ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला तीच गोष्ट सांगितली, फक्त योजनेने पर्यावरणाचा फायदा होतो. अध्यक्षाचं वाक्य तेच. आता ७७ टक्के म्हणाले, छे, मुद्दाम नाही. म्हणजे आधी हेतू तपासून मग दोष लावला जातो असं सरळ नसतं. परिणाम वाईट दिसला की हेतूही वाईट दिसायला लागतो. खाडीकाठी कांदळवन तोडून रिसॉर्ट उठतं तेव्हा मालकाने "ठरवून वाट लावली" असं आपण म्हणतो. त्याच मालकाच्या बांधामुळे कोणाच्या विहिरीला पाणी वाढलं, तर ते श्रेय त्याला मिळत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण आपण असं करतो हे माहीत असावं.

## यंत्रात मन दिसतं का? एका मेलेल्या माशाची साक्ष

"मेंदूचा अमुक भाग उजळला" अशी रंगीत चित्रं पाहून वाचक एक तर भारावतो, नाहीतर सगळं थोतांड म्हणतो. दोन्ही टोकं टाळायला एक मासा मदत करतो.

क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दुकानातून आणलेला एक आख्खा अटलांटिक सामन एमआरआय यंत्रात ठेवला. मासा अर्थातच मेलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि रीतसर विचारलं, या माणसाला काय वाटत असेल? मिळालेल्या आकड्यांचा ढिलाईने हिशेब केला, तर माशाच्या मेंदूत चक्क हालचाल दिसली. कारण साधं आहे. यंत्र मेंदूच्या चित्राचे हजारो बारीक तुकडे पाडून प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करतं. इतक्या तपासण्यांत काही तुकडे निव्वळ योगायोगाने उजळतात, आणि त्यासाठी हिशेबात दुरुस्ती करावी लागते. ती केल्यावर मासा पुन्हा मेलेला ठरला. या कामाला २०१२ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

शिवाय यंत्र मोजतं ते रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार, विचार नव्हे. पोटात ढवळल्याची खबर ठेवणारा भाग कुजक्या वासानेही जागा होतो, दुखलं तरी होतो, अन्यायाने वाटणी झाली तरी होतो. तो उजळला म्हणून माणसाला किळस आली, असं उलट वाचता येत नाही. नुसत्या चित्रापेक्षा तो भाग निकामी झाला किंवा विस्कळीत केला तर निकाल बदलतो का, हे पाहणं म्हणूनच जास्त खात्रीचं. वर मी सहा रुग्ण आणि चुंबकीय झटके यांच्यावर भर दिला तो यासाठी. आणि हो, मेंदूत नीतीचं असं वेगळं केंद्र कुठेच नाही. किंमत ठरवणं, मन ओळखणं, शरीराची खबर ठेवणं हे रोजचेच भाग या कामालाही जुंपले जातात.

## जन्मजात की घरचं वळण?

२००७ मध्ये येल विद्यापीठातल्या एका अभ्यासाने खळबळ उडवली. सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना ठोकळ्यांचा खेळ दाखवला: एक ठोकळा चढ चढतो आहे, एक मदत करतो, एक खाली ढकलतो. नंतर बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. चांगुलपणा जन्मजात असतो, असा गाजावाजा झाला. पण अलीकडे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून हजाराच्या आसपास बाळांवर हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा असा कल दिसला नाही. बाळांचा कौल म्हणजे तूर्तास उघडा प्रश्न.

वळणाचा हात मात्र नक्की दिसतो. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी १९८७ मध्ये भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांना डझनावारी प्रसंगांचा भलेबुरेपणा विचारला. त्यातला एक: वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. भुवनेश्वरच्या ब्राह्मण वस्तीत हे सर्वात भयंकर कृत्यांत गणलं गेलं. शिकागोच्या माणसाला यात नीतीचा प्रश्नच दिसला नाही. आपल्या वाचकाला प्रश्न दिसण्यासाठी भुवनेश्वरला जायची गरज नाही.

कोकणात देवराई हे याचं ठळक उदाहरण. राईतली वाळकी काटकी उचलून घरी चुलीत घालण्यात हिशेबी नुकसान काहीच नाही. तरी कित्येक गावांत आजही जुन्या माणसाचा हात थबकतो. कोणी विचारलं तर देव कोपेल म्हणेल, कोणी म्हणेल आमच्यात नाही उचलत. त्या थबकण्याने पिढ्यानपिढ्या झरे आणि झाडं राखली गेली. कुत्र्याच्या गोष्टीत कारण न सापडणारी माणसं आपल्याला हास्यास्पद वाटली असतील, तर देवराईपाशी जरा थांबावं. आणि उलट बाजूही विसरू नये: त्याच यंत्रणेने, तितक्याच सहजपणे, अमक्याच्या हातचं पाणी पिताना पोटात ढवळायला शिकवलं होतं. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ज्याला आव्हान दिलं, त्यात रूढीइतकाच पिढ्यांनी घोटून घेतलेला हा 'पहिला कौल' होता.

## मग विवेकाने काय करायचं?

करण्यासारखं बरंच आहे. कौल एकदा शिकलेला असतो तसा पुन्हा शिकवताही येतो, आणि ते काम वाद, कायदा, शाळा, शेजार यांनी हळूहळू होतं. एकट्याने बसून स्वतःचा कौल बदलणारे थोडे. दुसऱ्याने टोकल्यावर बदलणारे अनेक. हाइट यांनाही हे मान्य आहे.

कौलाची धार कशाने कमी-जास्त होते, याचा एक शोध आपल्याला लागू पडणारा आहे. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पुलावरचं ते कोडं काहींना मातृभाषेत दिलं, काहींना नंतर शिकलेल्या भाषेत. परक्या भाषेत वाचणारे ढकलायला जास्त तयार झाले. खटक्याच्या कोड्यात असा फरक पडला नाही. परकी भाषा अंगाला तितकी लागत नाही, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. पुढचा माझा कयास आहे, कोणी तपासलेला नाही: एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावरचा अहवाल इंग्रजीत वाचणाऱ्या अधिकाऱ्याला जे आकडे वाटतात, तेच मराठीत ऐकणाऱ्या गावाला खाजण, तिसऱ्या-शिंपल्या आणि आपली खाडी वाटत असणार. जनसुनावणीत कागद मराठीत मागणारे लोक फक्त सोयीसाठी मागत नसावेत.

## पिल्लांसाठी पोट का तुटत नाही

आता पापलेटच्या त्या क्रेटकडे वळू. पहिला कौल कशाने चेततो? समोर दिसणारा करणारा, दिसणारा बळी, अंगाचा जोर, उघड हेतू, लगेचचा परिणाम. सुरमईच्या चोरीत यातलं जवळपास सगळं आहे. क्रेटमध्ये यातलं काहीच नाही. कोणी कोणाला ओरबाडलेलं नाही. नुकसान दोन-तीन हंगामांनी होणार, ते कोणाला किती हे सांगता येणार नाही, आणि पिल्लं पकडायचा हेतू असा कोणाचाच नव्हता. बर्फातल्या माशापुढे अनुभवी हात जसा फसतो, तसा इथे कौल फसतो.

मोठा आकडा तर कौलाला बधिरच करतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये दाखवलं की मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीसाठी लोक सढळ हाताने देतात; लाखो भुकेल्यांचे आकडे दाखवले की कमी देतात. रोकियाच्या फोटोशेजारी ते आकडे ठेवले तर तिच्या वाट्यालाही कमी येतं. "कोट्यवधी पिल्लं नष्ट" हा मथळा लिहिणाऱ्या बातमीदाराने हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला थोडी अवघड आहे. कौल चेहरा पाहतो आणि आपला-परका पाहतो. परराज्यातली हायस्पीड ट्रॉलर दिसली की किनारा पेटून उठतो. गावातल्याच कोणाच्या बोटीवर रात्री दिवे लागले की "त्याचेही हप्ते आहेत" हे लगेच आठवतं. दोन्ही भावना खऱ्या आहेत. समुद्रातल्या माशाला मात्र बोटीचा पत्ता कळत नाही. पर्ससीनवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: घटत्या माशांचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणंही कौलाचंच काम आहे. त्याला एकच आरोपी आवडतो. तापणारं पाणी, खाडीत येणारं रसायन, ट्रॉलरच्या जाळ्याचे बारीक आस (म्हणजे भोकं), लहान माशांचे वाटे घेणारं गिऱ्हाईक, अशी लांब यादी त्याला पेलत नाही.

## "जाळ्यात आलेली पिल्लं मेलेलीच, परत टाकून काय?"

बंदरावर हा आक्षेप हमखास ऐकू येतो आणि तो बरोबर आहे. मेलेलं पिल्लू पाण्यात टाकून काही साधत नाही. म्हणजे लिलावाच्या जागी संतापून उपयोग नाही. निर्णयाची जागा जाळं विकत घेताना आहे. खोळीला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, चाळीस मिलिमीटरचे चौकोनी आस असले तर लहान मासा बराचसा आधीच निसटतो. पण दुकानात जाळं निवडणाऱ्या माणसाकडे पाहून कोणाच्याही छातीत काही धडधडत नाही. तिथे पहिला कौल गप्प बसतो आणि बेरीज-वजाबाकीलाच बोलावं लागतं.

असे हिशेबाने ठरवलेले नियम टिकतात कधी, यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंनी आयुष्यभर काम केलं; त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी सांगितलेलं तुर्कस्तानातल्या अलान्या बंदराचं उदाहरण मच्छीमारांनी वाचण्यासारखं आहे. त्यांच्या वर्णनानुसार तिथे मासेमारीच्या जागा नावाने ठरलेल्या. सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला पहिली जागा मिळते. मग जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेला सरकतो, नंतर उलट दिशेला. चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला येते. राखण करायला वेगळा माणूस लागत नाही, कारण कोणी घुसला तर ज्याची त्या दिवशीची जागा गेली, तो समोरच उभा असतो आणि त्याचं डोकं लगेच फिरतं. नियम हिशेबाने बनला आहे आणि राखला जातो पहिल्या कौलाने.

आपल्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, हे थोडंफार होतंच. जाळं किनाऱ्यावर, ओढणारे समोरासमोर, वाटे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कोणी जास्त घेतला तर दोर धरलेल्या पन्नास जणांना तिथल्या तिथे कळतं. एलईडीवरची बंदी केंद्राने २०१७ मध्ये आणली, राज्याने सागरी मासेमारीचा १९८१ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून दंड वाढवले, जानेवारी २०२५ पासून ड्रोनही फिरतात. ड्रोनला बोट दिसते. त्या रात्री नेमका कोणाचा वाटा गेला, हे मात्र ड्रोनच्या चित्रात येत नाही, आणि ते कागदावर मांडायची जबाबदारी आजवर ना मत्स्य खात्याने घेतली आहे, ना मच्छीमारांच्या सोसायट्यांनी.